‘एन्थुझिॲझम’ : शिवीपासून शाबासकीपर्यंत

नोकरीच्या अर्जात ‘मी एन्थुझिॲस्टिक आहे’ असं आज कुणीही बिनदिक्कत लिहितं. कॉलेजच्या मुलांनी तर शब्दाचं शेपूट छाटून नुसता ‘एन्थू’ करून टाकलाय. तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणी स्वतःबद्दल असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने त्याला वेड्यात काढलं असतं किंवा त्याच्यापासून चार हात लांब राहणं पसंत केलं असतं.

शब्द मूळचा ग्रीक. ‘एन’ म्हणजे आत, ‘थेऑस’ म्हणजे देव. ज्याच्या आत देव शिरलाय तो ‘एन्थेऑस’. आपण अंगात येणं म्हणतो, ते हेच. प्लेटोच्या ‘इऑन’ या संवादात होमरची काव्यं सादर करणारा एक गायक भेटतो. होमर म्हणताना माझे डोळे भरून येतात, अंगावर काटा उभा राहतो, असं तो सांगतो. दुसऱ्या कवींचा विषय निघाला की मात्र त्याला डुलकी येते. असं का होतं, हे समजावताना सॉक्रेटिस लोहचुंबकाचा दाखला देतो. चुंबकाला एक लोखंडी कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. देवता हा चुंबक, कवी पहिली कडी, गायक मधली आणि डोळे पुसत ऐकणारा श्रोता शेवटची. ओढ सगळी चुंबकाची, कडीचं स्वतःचं काही नाही. मला या शब्दाचा गाभा इथेच दिसतो. यातला जोर माणसाचा नाही, तो बाहेरून आत आलेला आहे.

इंग्रजीत हा शब्द १६००च्या सुमारास रुळला आणि लवकरच बदनाम झाला. त्याला कारण होतं. यादवी युद्धात इंग्लंड होरपळलं, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, आणि त्या धुमाळीत ‘देव थेट माझ्याशी बोलतो’ म्हणणारे पंथ जागोजागी उभे राहिले. देव थेट बोलत असेल तर धर्मगुरू कशाला आणि राजा तरी कशाला? मेरिक कॅसॉबन या विद्वानाने १६५५ मध्ये या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. याला कुणी दैवी प्रेरणा समजतं, कुणी सैतानाची बाधा, पण हा निसर्गाचाच परिणाम आहे, असं त्याचं म्हणणं. तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या गाजलेल्या निबंधाच्या १७००च्या आवृत्तीत ‘एन्थुझिॲझम’वर खास नवं प्रकरण घातलं. मला खात्री वाटते म्हणून हा साक्षात्कार, आणि साक्षात्कार आहे म्हणून मला खात्री, हे गोल गोल फिरणं त्याने नेमकं पकडलं.

या सगळ्यातला मला सर्वांत जिवंत वाटणारा प्रसंग १७०६ नंतरचा. फ्रान्समधल्या सेव्हेनच्या डोंगरांतून काही छळलेले प्रॉटेस्टंट लंडनला आले. त्यांचं अंग थरथरायचं, हातपाय झटकले जायचे आणि तोंडून भविष्यवाणी निघायची. त्यांच्या गटातल्या तिघांना भर चौकात खोड्यात उभं करण्यात आलं. जत्रेत त्यांची नक्कल करणाऱ्या कठपुतळ्या नाचू लागल्या. इंग्रज विचारवंत शाफ्ट्सबरीने १७०८च्या ‘एन्थुझिॲझम’वरच्या आपल्या पत्रात त्या कठपुतळ्यांची बाजू घेतली: अशांना शिक्षा करू नका, शिक्षेने ते हुतात्मे होतात, लोकांना हसू द्या. ज्या काळात मतासाठी माणसं जाळल्याच्या आठवणी पुसल्या नव्हत्या, त्या काळात हे म्हणणं फार मोठं होतं.

पुढे मेथडिस्टांवर, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये नवा धर्मजोश आणू पाहणाऱ्या पंथावर, हाच शिक्का बसला. १७३९ मध्ये लंडनच्या बिशपने काढलेल्या पत्रात दोन धोक्यांपासून सावध केलं होतं: एका बाजूला श्रद्धेतला कोमटपणा, दुसऱ्या बाजूला एन्थुझिॲझम. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने मात्र १७४१ मध्ये वेगळा विचार मांडला. अंधश्रद्धा पुरोहितांची सत्ता वाढवते. एन्थुझिॲझम सुरुवातीला हिंसक असतो, पण ओसरल्यावर नागरी स्वातंत्र्याला पोषक ठरतो.

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाचं वळण डोळ्यांनी दिसतं. पहिला अर्थ, आपल्याला खास साक्षात्कार झाल्याची पोकळ समजूत. दुसरा, कल्पनेचा ताप, भावनेचा जोर. तिसरा, विचारांची उंच झेप. शिवीपासून कौतुकापर्यंतची वाट एकाच नोंदीत. फ्रेंच लेखिका मादाम द स्तालने जर्मनीवरच्या ग्रंथाच्या शेवटी या शब्दाला ‘आपल्यातला देव’ हा मूळ अर्थ मानाने परत दिला. १८१० मध्ये नेपोलियनच्या पोलिसांनी त्या पुस्तकाच्या छापील प्रती नष्ट केल्या; १८१३ मध्ये ते लंडनमध्ये निघालं, ज्या शहरात कधीकाळी हा शब्द कुणावर फेकून मारला जायचा.

आज देव गळून पडलाय, उरली आहे ती नुसती ऊर्जा. ‘एन्थुझिॲस्ट’ म्हणजे पक्षी, जुनी घड्याळं, रेल्वे इंजिनं यांच्या नादी लागलेला माणूस.

मराठी कोश याला ‘उत्साह’ म्हणतात, आणि रोजच्या वापराला ते पुरतं. पण ‘उत्साह’ आला ‘सह्’ धातूवरून, म्हणजे पेलणं, तग धरणं. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने तो वीररसाचा स्थायीभाव मानला. हा जोर माणसाचा स्वतःचा. बाहेरून येऊन ताबा घेणाऱ्या त्या ग्रीक देवाची जात वेगळी. त्याच्या जवळचा शब्द आपल्याकडे आहे तो ‘झपाटणं’. पिंपळाखालून गेलेल्या माणसाला भूत झपाटतं, आणि नव्या कल्पनेने झपाटलेली मुलगी रात्र रात्र जागून काम करते. इंग्रजीने जुना अर्थ टाकून दिला. मराठीत दोन्ही अजून एकाच क्रियापदात नांदतात.