परदेशात ग्रामीण आरोग्य व एचआयव्ही जनजागृतीसाठी स्वयंसेवा : अर्ज नेमका कुठे अडतो

नागपूर आणि लगतच्या जिल्ह्यांतून आफ्रिकेतील ग्रामीण आरोग्य प्रकल्पांवर स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी अर्ज करणाऱ्यांमध्ये परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर, समुपदेशक आणि नुकतेच एमबीबीएस झालेले डॉक्टर प्रामुख्याने असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची पात्रता पुरेशी असते, कामाचा अनुभवही खरा असतो, आणि तरीही अर्ज परत येतात. कागद कोणते लागतात याची यादी प्रत्येक संस्था देते; पण ते कोणत्या क्रमाने काढायचे, कोणत्या कार्यालयाचा कागद चालतो आणि त्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे त्या यादीत क्वचितच लिहिलेले असते. पुढील माहितीचा भर म्हणून त्यावरच आहे.

पात्रता

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट करून घ्यावा. रुग्ण तपासणे, इंजेक्शन देणे, रक्त काढणे, औषध लिहून देणे ही वैद्यकीय कामे असून ती करण्यासाठी त्या देशाच्या परिषदेची नोंदणी लागते. गावबैठका, शाळांतील सत्रे, चाचणीसाठी लोकांना प्रवृत्त करणे, औषधोपचार मध्येच सोडणाऱ्यांचा पाठपुरावा, नोंदी ठेवणे ही समुदायपातळीवरील कामे आहेत आणि त्यांना अशी नोंदणी लागत नाही. ज्यांच्याकडे वैद्यकीय किंवा परिचर्या पदवी नाही, त्यांनी अर्जात पहिल्या प्रकारच्या कामाची इच्छा दर्शवू नये. ‘दवाखान्यात पडेल ते काम करण्याची तयारी आहे’ हे वाक्य आपल्याकडे नम्रतेचे वाटते. निवड करणाऱ्याला मात्र त्यात धोका दिसतो.

संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात, ज्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे, युवा स्वयंसेवकांसाठी वयाची मर्यादा १८ ते २६ अशी असून ‘स्पेशालिस्ट’ स्वयंसेवकासाठी किमान वय २७ आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. निवड झालेल्यास निर्वाह भत्ता मिळतो. याच्या दुसऱ्या टोकाला स्वयंसेवकाकडूनच पैसे घेऊन त्याला ‘प्लेसमेंट’ देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत. त्या सर्वच फसव्या आहेत असे म्हणता येणार नाही, पण यजमान संस्थेचे नाव, तिचा त्या देशातील नोंदणी क्रमांक आणि व्हिसाचा प्रकार हे तिन्ही लेखी मिळाल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. नर्सिंगच्या शिक्षणासाठी आधीच कर्ज काढलेल्या कुटुंबाने पुन्हा दागिने गहाण ठेवून मुलीला ‘अनुभवासाठी’ पाठवावे, असे या क्षेत्रात काहीही नाही.

अनुभवाचे प्रमाणपत्र

विदर्भातील अर्जदाराचे खरे बळ त्याच्या अनुभवात असते आणि तेच कागदावर सर्वांत दुबळे उतरते. गडचिरोलीत किंवा मेळघाटात दोन वर्षे गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्याच्या हाती संस्थेचे जे पत्र असते, त्यात ‘यांनी आमच्या संस्थेत तळमळीने सेवा केली असून आम्ही त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा देतो’ एवढाच मजकूर असतो. परदेशातील निवड समितीला अशा पत्रातून काहीच कळत नाही. पत्रात कामाचा आरंभ व शेवट तारखेसह, पदाचे नाव, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ, कोणती गावे किंवा वस्त्या, नेमके काय केले (उदाहरणार्थ, ट्रकचालकांमध्ये निरोध वाटप व समुपदेशन, गरोदर मातांना एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रापर्यंत नेणे, एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून औषध न नेलेल्या रुग्णांची गृहभेट) आणि सही करणाऱ्याचे पद हे सारे यायलाच हवे. पत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे. स्वतः केलेले भाषांतर नोटरीच्या शिक्क्यानंतरही काही ठिकाणी नाकारले जाते.

एचआयव्हीच्या क्षेत्रात आणखी एक अडचण आहे. अतिजोखमीच्या गटांसाठीचे हस्तक्षेप प्रकल्प करारावर चालतात; करार संपला की कार्यालय बंद होते, प्रकल्प व्यवस्थापक दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि प्रमाणपत्र देणारे कोणीच उरत नाही. म्हणून पत्र प्रकल्प चालू असतानाच घ्यावे. ते राहून गेले असल्यास मातृसंस्थेच्या सचिवाकडून, आणि सोबत नियुक्तिपत्र व मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी जोडून, अनुभव सिद्ध करता येतो. महाविद्यालयातील रेड रिबन क्लबचे, म्हणजे एचआयव्ही जनजागृती करणाऱ्या विद्यार्थी गटाचे, प्रमाणपत्र जरूर जोडावे, परंतु केवळ त्याच्या आधारावर अनुभवाची अट पूर्ण झाली असे कोणी मानत नाही.

संदर्भासाठी ज्यांची नावे देणार, त्यांना आधी कळवावे. परदेशातून आलेला इंग्रजी ईमेल तालुक्याच्या गावातील संस्थाचालकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो, पंधरा दिवसांत उत्तर येत नाही आणि अर्ज निमूटपणे बाद होतो. अर्जदाराला कारणही कळवले जात नाही.

नावातील तफावत

गुणपत्रिकेवर ‘बोरकर शीतल रामराव’, पासपोर्टवर ‘शीतल रामराव’ हे नाव व ‘बोरकर’ हे आडनाव, लग्नानंतरच्या आधार कार्डावर ‘शीतल प्रशांत वानखेडे’ आणि परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर पुन्हा माहेरचे नाव, ही स्थिती महाराष्ट्रात इतकी सार्वत्रिक आहे की आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. बाहेरच्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या व्यक्ती दिसतात. ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून अर्जदार निश्चिंत होतात. भारतातील कार्यालयांत ते पुष्कळदा चालूनही जाते, पण दूतावास विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी मागतो. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. पासपोर्ट नव्या नावाने करायचा की जुन्याच नावाने राहू द्यायचा, हा निर्णय इतर कोणताही कागद काढण्यापूर्वी घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक कागद पासपोर्टवरील नाव आणि क्रमांक यांच्याशी बांधलेला असतो. ज्यांच्या पदव्या व नोंदणी माहेरच्या नावाने आहेत, त्यांनी या कामापुरते पासपोर्टवरही तेच नाव राहू द्यावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. ती जाण्याच्या दिवसापासून मोजून अनेकजण फसतात.

पोलिसांचा कोणता दाखला

सर्वाधिक अर्ज या एका गैरसमजापायी परत येतात. महाराष्ट्र पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद आहेत. पहिले येथील नोकरीसाठी असते. परदेशी दूतावासाला दुसरे हवे असते, ज्याचा अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर करावा लागतो, शुल्क ५०० रुपये आहे आणि ज्या देशात जायचे त्याचे नाव त्यावर असते. युगांडासाठी काढलेले सर्टिफिकेट मलावीच्या अर्जाला जोडू नये.

अर्जात पोलीस ठाणे निवडताना काळजी घ्यावी. नागपूरच्या सीमेवर वाढलेल्या वस्त्यांतील रहिवाशांना आपले घर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येते की नागपूर ग्रामीण पोलिसांच्या, हे खात्रीने माहीत नसते, आणि चुकीचे ठाणे निवडले की प्रकरण दोन कार्यालयांच्या मध्ये पडून राहते. चौकशीला गेले तर प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवते. शेजारी विचारण्यापेक्षा जवळच्या ठाण्यातच हद्द विचारून घ्यावी. गोंदिया किंवा चंद्रपूरचे मूळ रहिवासी असून नागपुरात भाड्याने राहणाऱ्यांनी राहत्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार, आधी तयार ठेवावा.

दाखला फार लवकर काढणे हीसुद्धा चूकच ठरते. तो सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा अशी अट सामान्यतः असते आणि हे सहा महिने संस्थेकडे अर्ज केल्याच्या दिवसापासून नव्हे, व्हिसाचा अर्ज दाखल होण्याच्या दिवशी मोजले जातात. निवडीलाच चार-पाच महिने लागतात, त्यामुळे उत्साहाने सर्वांत आधी काढलेला हा दाखला ऐन वेळी शिळा झालेला असतो. तो निवड निश्चित झाल्यावर काढावा. दक्षिण आफ्रिका दीर्घ मुक्कामासाठी वैद्यकीय अहवालही मागते; त्यालाही हाच नियम लावावा. याच संदर्भात तारखांबद्दल सांगायचे तर, ०५/०६ अशी अंतिम मुदत दिसली की अमेरिकी संस्थेसाठी ती ६ मे असते.

पदवीचे साक्षांकन आणि परिषदेचे पत्र

दक्षिण आफ्रिका, मलावी, लेसोथो, बोट्सवाना हे देश परस्परांच्या कागदपत्रांचे साक्षांकन मान्य करणाऱ्या हेग कराराचे सदस्य असल्याने तेथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे या करारानुसार केलेले साक्षांकन, पुरते. युगांडा सदस्य नाही. तेथे मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर दिल्लीतील त्यांच्या उच्चायुक्तालयाचा शिक्काही लागतो. दोन्हींतही मंत्रालयाकडे जाण्यापूर्वी मूळ पदवीवर राज्य सरकारचे साक्षांकन व्हावे लागते. येथे मूळ पदवी म्हणजे दीक्षान्तानंतर मिळणारी पदवी अपेक्षित असते. तात्पुरते पदवी प्रमाणपत्र घेऊन मुंबईपर्यंत जाऊन परत आलेले अर्जदार कमी नाहीत. पदवी लॅमिनेट केलेली असेल तर शिक्का उमटत नाही. आईवडिलांनी जपून ठेवण्यासाठीच ती लॅमिनेट केलेली असते आणि आता विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागतो.

डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून आणि परिचारिकांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र (नोंदणी चालू असून उमेदवाराविरुद्ध कारवाई नाही असा दाखला) घ्यावे लागते. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले असेल तर ते आधी करावे. हे प्रमाणपत्र बहुधा परिषदेने थेट परदेशी परिषदेकडे पाठवायचे असते, उमेदवाराने उघडलेला लिफाफा चालत नाही. केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका या तिन्ही देशांत स्वतंत्र परिषदा आहेत आणि तात्पुरती नोंदणीसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. यजमान रुग्णालयाने ‘आम्ही पाहून घेऊ’ म्हटले तरी ती लेखी मागावी. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्षाची बंधपत्रित सेवा आधी पूर्ण करून तसा दाखला घ्यावा, आणि जिल्हा परिषद किंवा राज्य सेवेत असलेल्यांनी रजा व परदेशगमनाची परवानगी यांचे अर्ज एकाच वेळी द्यावेत, कारण एकाची फाइल दुसऱ्याच्या मंजुरीसाठी थांबवून ठेवण्याची आपल्या कार्यालयांची रीत जुनी आहे.

व्हिसा

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येते, हा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे. काम बिनपगारी असले तरी बहुतेक देशांच्या कायद्यात ते कामच ठरते. केनियाने जानेवारी २०२४ पासून सुरू केलेली इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी केवळ प्रवेशासाठी आहे. कामासाठी वेगळी परवानगी लागते. दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवी व धर्मादाय कार्यासाठी अभ्यागत व्हिसाचा स्वतंत्र हेतू आहे, तो अर्जात तसाच नमूद करावा.

लसी आणि चाचण्या

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात; म्हणजे निवडीनंतर सुरुवात केली तर जाण्यापूर्वी तिसरा डोस होत नाही. पोलीस दाखला उशिरा आणि ही लस लवकर, असा क्रम ठेवावा. पिवळ्या तापाची लस एकदाच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध मानले जाते. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी, पासपोर्ट सोबत न्यावा आणि पिवळ्या पुस्तिकेवरील क्रमांक तेथेच ताडून पाहावा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून परतताना ही पुस्तिका नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. ती चेक-इनच्या बॅगेत ठेवू नये.

एचआयव्ही चाचणीचा प्रश्न अनेकांना विचारायचा असतो, पण संकोच आड येतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार भारतात नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी मागता येत नाही आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय ती करता येत नाही. येथील मध्यस्थ संस्था ‘सर्वांसाठी सक्तीची’ म्हणून अहवाल मागत असेल तर त्याचे कारण लेखी विचारावे. यजमान देशाचा व्हिसा नियम स्वतंत्र असतो, तो त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचावा. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीही हे काम करतात आणि उत्तम करतात. मात्र सीडी४ पेशी (रक्तातील रोगप्रतिकारक पेशी) २०० पेक्षा कमी असल्यास पिवळ्या तापाची जिवंत लस देत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांकडून लस न देण्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे आणि ते स्वीकारले जाईल का, हे तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाला विचारावे. येथे काही शंका असल्यास १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे.

विम्याच्या कागदात वैद्यकीय स्थलांतराचा खर्च आहे का, तेवढेच न पाहता सुई टोचल्यास द्यावयाच्या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांची सोय कोणाकडे आहे, हेही यजमान संस्थेकडून लेखी घ्यावे. हा औषधोपचार ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू करावा लागतो आणि २८ दिवस चालतो. ज्या आरोग्य केंद्रापासून जिल्ह्याचे रुग्णालय दिवसभराच्या अंतरावर आहे, तेथे पहिला डोस केंद्रातच ठेवलेला असणे आवश्यक आहे; नसेल तर रक्ताशी संबंध येईल असे काम स्वीकारणार नाही, असे करारावर सही करण्यापूर्वीच कळवावे.