हेडर डिस्कवर आहे, मग कंपायलरला का सापडत नाही?

‘बीएसडीवर काही धड बिल्डच होत नाही,’ असं मला वरचेवर ऐकायला मिळतं. (बीएसडी म्हणजे फ्रीबीएसडी, नेटबीएसडी वगैरे ऑपरेटिंग सिस्टिम; बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं.) म्हणणाऱ्याच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा एकच तक्रार असते: पीएनजी डॉट एच, फाइल नॉट फाउंड. हे एक हेडर, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी फाइल. ते ज्या लायब्ररीचं, ती लिबपीएनजी तर आत्ताच पॅकेजमधून टाकलेली असते आणि शोधलं तर ती फाइल डिस्कवर सापडतेही! फक्त तिथे बघायचं असतं हे कंपायलरला कोणी सांगितलेलं नसतं.

फ्रीबीएसडीत मूळ सिस्टिम आणि बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर यांची सरमिसळ करत नाहीत. सिस्टिमची हेडर /यूएसआर/इन्क्लूडमध्ये, पॅकेजमधून आलेली /यूएसआर/लोकलखाली. नेटबीएसडीवर पॅकेजं /यूएसआर/पीकेजीत जातात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत हे सगळं एकाच ठिकाणी पडतं, त्यामुळे लिनक्सवर लिहिलेल्या मेकफाइलला (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल; ‘मेक’ हा प्रोग्रॅम ती वाचतो) असा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. फ्रीबीएसडीवर एखादी सी फाइल देऊन ‘सीसी -ई -व्ही’ चालवून बघा. कंपायलर कुठे कुठे शोधतो त्याची यादी छापून येते आणि तीत /यूएसआर/लोकल नसतं. कॅपिटल ‘-आय’ या पर्यायाने /यूएसआर/लोकल/इन्क्लूड हा फोल्डर सांगितला की हेडर मिळतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. एकच लायब्ररी तीन वेळा शोधली जाते, आणि शोधणारे तिघं वेगवेगळे असतात. कंपायलरला फक्त हेडर हवं असतं: फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, स्ट्रक्चरमध्ये कोणता भाग कितव्या बाइटवर. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला प्रत्यक्ष लायब्ररी लागते. त्याची यादी निराळी, तिच्यात भर घालायची ती कॅपिटल ‘-एल’ने. तिसरा लोडर. तो प्रोग्रॅम सुरू करताना दर वेळी नव्याने शोधतो आणि त्यासाठी ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेने बनवून ठेवलेली नोंद वाचतो. हे तिघं एकमेकांना काही विचारत नाहीत. म्हणून एररचे शब्द नीट वाचावेत. ‘अनेबल टू फाइंड लायब्ररी’ आलं तर अडलंय लिंकरचं. बिल्ड सुरळीत पार पडून प्रोग्रॅम चालवताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आलं तर लोडरचं; तिथे हेडरमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘एलडीडी’ चालवलं की नेमकी कोणती लायब्ररी सापडत नाही ते कळतं.

इथे एका तोडग्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तो गंडादोऱ्यासारखा हातोहात पसरतो. प्रोग्रॅम ‘.एसओ.५’ (शेअर्ड लायब्ररीची आवृत्ती ५) मागतोय आणि डिस्कवर ‘.एसओ.६’ आहे? मग ५ नावाची सिमलिंक (६च्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) करून टाका! असं कधीही करू नका. तो आकडा बदलला याचा अर्थ जुन्या प्रोग्रॅमशी केलेला करार मोडला. स्ट्रक्चरमधला एखादा भाग १६व्या बाइटवरून २४व्या बाइटवर सरकला असेल, तर जुना प्रोग्रॅम १६व्यावरचंच काहीतरी उचलून पुढे जातो. एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं. योग्य उपाय म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करणं.

बाकीच्या अडचणी मानाने साध्या. मेकफाइलच्या ओळीवरच मेक अडखळला तर ती बहुधा जीएनयू मेकसाठी लिहिलेली असते, ‘जीमेक’ वापरा. स्क्रिप्ट /बिन/बॅश मागत असेल तर फ्रीबीएसडीवर बॅश /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असतो. बिल्डआधी सिस्टिम तपासणाऱ्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टने एखाद्या हेडरपुढे ‘नो’ छापलं, तर त्याने एक चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करून पाहिला आणि तो फसला, एवढंच. का फसला ते कॉन्फिग डॉट लॉगमध्ये शब्दशः असतं. आणि शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये वर जाऊन पहिली एरर शोधा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

एवढं करूनही अडलं तर पोर्ट्स, म्हणजे फ्रीबीएसडीवर सॉफ्टवेअर बिल्ड करण्याच्या कृतींचा संग्रह, उघडा. जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ साली सुरू केलेल्या या संग्रहात तुमचा प्रोग्रॅम आधीच असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या मेकफाइलमध्ये ‘यूझेस’ची ओळ बघा. तिथे ‘जीमेक’ किंवा ‘लोकलबेस’ दिसलं, की आपण काय द्यायचं राहिलं होतं ते समजतं. शेजारच्या ‘फाइल्स’ फोल्डरात पॅच असतील, तर मूळ कोडची कोणती ओळ बदलावी लागली तेही.