पुन्हा धनुष्य हातात घेताना : कंपाउंड बो निवडण्याआधी एवढं वाचा

नमस्कार.

शाळा-कॉलेजात धनुर्विद्या केलेली, मग नोकरी, संसार, मुलं यांत ती सुटलेली, आणि आता पुन्हा मैदानाची ओढ लागलेली, अशी बरीच मंडळी हल्ली आमच्या दुकानात येतात. त्याला कारणंही आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या धनुष्याच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली. नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेऊन विजेता ठरला. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने आणली. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळला जाणार आहे. हे सगळं बघून जुन्या धनुर्धराचे हात शिवशिवले नाहीत तरच नवल.

अशा ग्राहकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "मी पूर्वी पन्नास पाउंड ओढायचो, तसाच बो दाखवा." या पत्रकातला निम्मा मजकूर त्या एका वाक्याच्या उत्तरासाठी आहे. पाउंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. पूर्वीचे पन्नास पाउंड पूर्वीच्या खांद्याचे होते. बो घ्यायचा तो आजच्या अंगाला बसेल असा. एकदा हे मान्य केलं की पुढची निवड सोपी जाते.

आधी ड्रॉ लेंथ

ड्रॉ लेंथ म्हणजे दोरी किती इंच मागे ओढली जाते ते अंतर. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) किंवा इंडियन राउंड या देशी प्रकाराच्या बांबूच्या धनुष्यात दोरी कुठवर ओढायची हे तुम्ही ठरवत होता. कंपाउंडमध्ये ते कॅम, म्हणजे टोकावरचं चाक, ठरवतो. एका ठरावीक जागी दोरी अडते. तिला आपण 'वॉल' म्हणतो, आणि तिच्या पलीकडे बो जात नाही. त्यामुळे ड्रॉ लेंथ चुकली तर सरावाने ती भरून निघत नाही, उलट चुकीची सवय पक्की होते.

ढोबळ मोजमाप घरी करता येतं. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचात मोजा. त्याला अडीचने भागा. 68 इंच आले तर ड्रॉ लेंथ साधारण 27 इंच. ताणून मोजू नका. छाती फुगवून मिळवलेला इंच बो हातात आल्यावर टिकत नाही.

हा आकडा फक्त सुरुवातीचा. रिलीज (बोटांऐवजी दोरी पकडून सोडणारं हातातलं साधन) वापरला की हनुवटीखालचा जुना अँकर (दोरी ओढल्यावर हात टेकवायची जागा) सुटतो आणि हात जबड्याच्या कडेला येतो. डी-लूपमुळे, म्हणजे रिलीज अडकवायला दोरीवर बांधलेल्या छोट्या फासामुळे, हात दोरीच्या आणखी थोडा मागे जातो. म्हणून रिकर्व्हवर मोजलेली तुमची जुनी ड्रॉ लेंथ, किंवा जुन्या बाणांची लांबी, इथे जशीच्या तशी लावता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांत ड्रॉ लेंथ कमी असलेले फार थोडे, जास्त असलेलेच अधिक. ओळखायच्या खुणा अशा : डोकं मागे झुकतं, धनुष्याच्या हाताचा कोपर पूर्ण ताठ होतो, त्याच बाजूचा खांदा कानाकडे चढतो, बाण सुटताना दोरी हाताला फटका मारते. शंका असेल तर अर्धा इंच कमी घ्या. बऱ्याच बोमध्ये कॅमवरचा सुटा भाग, म्हणजे मोड्यूल, फिरवून किंवा बदलून ड्रॉ लेंथ अर्ध्या अर्ध्या इंचाने हलवता येते. आपला आकडा त्या टप्प्याच्या मधोमध पडेल असा बो निवडा, अगदी टोकाला नको.

पाउंडेज : इथे घाई नको

रिकर्व्हमध्ये वजन हळूहळू वाढत जातं आणि सर्वांत जास्त भार शेवटी येतो, तोवर पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात. कंपाउंडमध्ये भार सुरुवातीलाच झपकन चढतो, बराच वेळ वरच राहतो आणि शेवटी एकदम उतरतो. म्हणजे पूर्ण वजन खांद्यावर पडतं ते हात अजून पुढे असताना, सांधा सर्वांत कमी आधारात असताना. दहा वर्षं टेबलापाशी बसून काम केलेल्या माणसाचा खांदा दुखावतो तो इथेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. पंचेचाळिशीतले एक शिक्षक आले होते. तरुणपणी राज्य पातळीवर खेळलेले, अंगाने मजबूत. त्यांनी हट्टाने 60 पाउंडांच्या लिंबचा (धनुष्याच्या लवचिक पात्यांचा) बो मागितला आणि आम्ही दिला. त्यांनी तो आमच्यासमोर चार वेळा ओढूनही दाखवला. पण चार वेळा ओढणं वेगळं आणि संध्याकाळभरात सत्तर बाण मारणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात खांदा धरला आणि पुढचे काही महिने फिजिओथेरपीत गेले. तेव्हापासून आम्ही खालची चाचणी केल्याशिवाय पुन्हा सुरुवात करणाऱ्या कोणालाही बो देत नाही. ग्राहक रागावला तरी चालेल.

खुर्चीत बसा. पाय जमिनीपासून जरा वर उचला. बाण लावून बो थेट लक्ष्याच्या दिशेने धरा आणि हात आभाळाकडे न नेता सरळ मागे ओढा. पूर्ण ओढल्यावर तीस सेकंद थांबा. मग बाण न सोडता दोरी हळूहळू, ताब्यात ठेवून परत आणा. हे सगळं शांतपणे जमलं तर ते वजन तुमचं. ओढताना कंबर वळली, बो वर गेला किंवा परत आणताना झटका बसला, तर चार पाउंड उतरवा आणि पुन्हा करून बघा. पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस हवाच.

आमच्या अनुभवात परतलेले पुरुष 38 ते 44 पाउंडांच्या दरम्यान स्थिरावतात, स्त्रिया 28 ते 36 च्या. आकडा ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. पण जागतिक नियमांनी कंपाउंडला कमाल मर्यादाच 60 पाउंडांची घातलेली आहे, आणि 50 मीटरवरच्या 80 सेंटिमीटरच्या टार्गेटपर्यंत 40 पाउंडांचा नीट जुळवलेला बो व्यवस्थित पोचतो. दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं. तिथे बाण जातो तो स्थिर हातामुळे.

लिंबचे बोल्ट सैल करून बहुतेक बो कमाल वजनापेक्षा साधारण दहा पाउंड खाली आणता येतात. म्हणून आज 40 झेपत असेल तर 50 चे लिंब घ्या आणि उतरवून वापरा. महिना-दीड महिना नियमित सराव झाला की दोन पाउंड चढवा. बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे दोन-तीन पाउंड. वरचा आणि खालचा बोल्ट मोजून सारखाच फिरवायचा आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे कधीही जायचं नाही, कारण मग लिंब जागेवरून निसटू शकतो.

लेट-ऑफ : हातात उरतं किती

शेवटी उतरलेल्या भाराला लेट-ऑफ म्हणतात. 50 पाउंडांचा बो आणि 80 टक्के लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातात 10 पाउंड. 65 टक्के असेल तर साडेसतरा. जुन्या बोवर 65 टक्क्यांची सवय असलेल्याला आजचा बो पहिल्या दिवशी जादूसारखा वाटतो. पण हातात फारच कमी वजन उरलं की निशाणीचा ठिपका तरंगत राहतो आणि रिलीज करताना पाठ ढिली पडते. टार्गेटसाठी आम्ही सहसा 70 ते 75 टक्क्यांच्या आसपास सुचवतो. सांध्यांचा त्रास असेल तर 80 घ्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या धनुर्धराला चकवते ती व्हॅलीची. पूर्वीच्या गोल चाकांच्या बोमध्ये भार उतरल्यावर आरामात थांबायला जागा असायची. आताचे वेगवान कॅम तशी जागा देत नाहीत. हात अर्धा इंच पुढे सरकला की बो पुढे ओढ घेतो. कॅटलॉगमध्ये ठळक छापलेला वेग बघून बो निवडू नका. तो आकडा 70 पाउंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेन (बाणाच्या वजनाचं एकक) वजनाचा बाण धरून मोजलेला असतो. तुमच्या 27 इंच आणि 40 पाउंडांना तो लागू होत नाही. मऊ कॅम घ्या. पहिल्या वर्षी तोच तुम्हाला मैदानावर टिकवेल.

लांब बो की आखूड

दोन कॅमच्या आसांमधलं अंतर टार्गेटच्या बोमध्ये साधारण 36 ते 40 इंच असतं, शिकारीसाठी बनवलेल्या बोमध्ये 28 ते 33. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारे छोटे, झाडपाल्याच्या रंगांचे बो बहुतेक शिकारीचे असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि जागतिक नियमांत छद्मरंगाचं साहित्य स्पर्धेला चालत नाही. आखूड बो हातात चपळ वाटतो, पण त्याची दोरी तीव्र कोनात वळते, नाक दोरीला लावायला डोकं पुढे न्यावं लागतं, आणि मनगटाची छोटी चूक 50 मीटरवर मोठी होते. तुमची ड्रॉ लेंथ 28 च्या पुढे असेल तर 37-38 इंचाखाली येऊ नका. ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिप ते दोरी हे अंतर, सात इंचांच्या आसपास असलेला बो चुका पोटात घालतो.

एकाच चावीने अगदी कमी वजनापासून 70 पाउंडांपर्यंत जाणारे बो बाजारात आहेत. घरात बाप-लेक दोघांनी वापरायला ते छान आहेत, आम्हीही विकतो. पण स्पर्धेचा विचार असेल तर वर्षभरात तो बो अपुरा पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

माळ्यावरचा जुना बो

पुष्कळांकडे तो असतो, आणि त्यात जीव गुंतलेला असतो. टाकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. पण खाली काढल्याबरोबर ओढूही नका. दोरी आणि केबल दर दोन-तीन वर्षांनी बदलायच्या असतात, न वापरताही त्या म्हाताऱ्या होतात. लिंबवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे फायबर उकललेलं आहे. उन्हात उभ्या गाडीत बो राहिला असेल तर लिंबचे थर सुटण्याची भीती अधिक, विदर्भातल्या ग्राहकांनी हे खास ध्यानात घ्यावं. कार्बनचे जुने बाण हलके वाकवून कानाशी धरा. कट्कट् आवाज आला तर तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही. चिरलेला बाण सुटताना हातात घुसतो.

आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच : बाण न लावता दोरी सोडायची नाही, कधीच नाही. सगळी ताकद बाणाऐवजी लिंब आणि कॅममध्ये परतते. फार हलका बाणही जवळजवळ तेच करतो. दर पाउंडामागे किमान 5 ग्रेन हा सर्वसाधारण नियम, म्हणजे 40 पाउंडांना 200. आम्ही 6 ते 7 च्या खाली जात नाही. नुसत्या बोटांनीही कंपाउंड ओढू नका. बोटं दोरीला पीळ देतात आणि ती कॅमवरून उतरू शकते.

चाळिशीनंतरचे डोळे

कंपाउंडमध्ये दोरीतल्या पीपमधून (छोट्या छिद्रातून) पुढच्या स्कोपकडे (निशाणीच्या भिंगाकडे) बघायचं असतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर डोकं वळवल्यावर नजर काचेच्या भलत्याच भागातून जाते आणि टार्गेट धूसर होतं. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, त्याने खूप फरक पडतो. स्कोपची काच जितकी जास्त पॉवरची तितकं टार्गेट मोठं, पण हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. चार एक्सपासून सुरुवात करा. काच लावल्यावर चित्र अस्पष्ट वाटलं तर पीपमध्ये बसणारी क्लॅरिफायरची छोटी काच मिळते.

पैसे कुठे घालावेत

नुसता बो घेऊन काही होत नाही. रेस्ट (बाण टेकवायचा आधार), साइट (निशाणी), स्कोप, पीप, रिलीज, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), बाण, पेटी धरून एकूण खर्च बोच्या किमतीच्या दुपटीकडे जाऊ शकतो. हात आखडता घ्यायचाच असेल तर तो बोच्या मॉडेलमध्ये घ्या. मागच्या वर्षीचा बो चालेल. रिलीज आणि बाणांत मात्र काटकसर नको. बाणांचा स्पाइन, म्हणजे ताठपणा, तुमच्या आजच्या पाउंडेजला जुळला पाहिजे, आणि पुढे चार-पाच पाउंड वाढणार असतील तर ते आधीच सांगा, म्हणजे तसे बाण निवडता येतात.

येताना

आधी फोन करून वेळ घ्या, कारण मापं आणि चाचणीला दीड तास लागतो. चष्मा, जुना बो किंवा जुने बाण असतील तर घेऊन या. अंगाला बसणारा टी-शर्ट घाला. खांद्याचं, मानेचं किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना विचारून या. पहिल्या भेटीत तुमच्याकडून कोणतीही रक्कम घेतली जात नाही. दोन-तीन बो ओढून बघा, घरी जा, दुसऱ्या दिवशी खांदा कसा आहे ते पाहा आणि मग कळवा. घेतलेल्या बोची दोरी पहिल्या दीड-दोनशे बाणांत थोडी ताणते आणि कॅमचा मेळ हलतो. तो जुळवून द्यायला बो-प्रेस (लिंब दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो, घरी करू नका. तेवढे बाण झाले की बो आमच्याकडे आणा, ते काम मोफत आहे.