परीक्षेची फी मिळायची, तयारीची नाही : अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका सवलतीची पार्श्वभूमी

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडलेला माणूस आज वकिली, अकाउंटिंग, नर्सिंग, आयटी अशा कुठल्यातरी व्यवसायाच्या लायसन्स परीक्षेसाठी तयारीचा कोर्स करतो, आधी स्वतःच्या खिशातून फी भरतो, मग पावती जोडून व्हीएकडे म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे एक फॉर्म पाठवतो, नंबर २२-१०२७२, आणि नियमात बसलं तर पैसे परत मिळतात. परीक्षेच्या फीसाठी वेगळा फॉर्म आहे, तो २२-०८०३. दोन फॉर्म, दोन नंबर, ऐकायला एकदम ऑफिसातली बाब वाटते. पण पहिला फॉर्म आणि दुसरा फॉर्म यांच्यामधे जवळजवळ वीस वर्षं गेली आहेत आणि त्याच्या मागे अजून अर्धं शतक आहे, म्हणून हे सगळं नीट मांडावंसं वाटलं.

सुरुवात १९४४च्याही आधीची आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना सरकारने बोनस कबूल केला होता पण तो मिळणार होता १९४५ मधे. मधेच महामंदी आली, लोकांच्या घरात खायला नाही, तेव्हा १९३२ मधे हजारो माजी सैनिक बायकापोरांसकट वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून राहिले, की आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हाताखालच्या फौजेने त्यांना हुसकावलं, झोपड्या जळाल्या. ज्यांनी देशासाठी लढाई केली त्यांच्यावरच देशाची फौज घातली गेली ही गोष्ट लोक विसरले नाहीत, आणि दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा दीड कोटीहून जास्त माणसं परत येणार होती. त्यांना काय काम देणार, हा प्रश्न सगळ्यांच्याच डोक्यात होता.

मग १९४३च्या शेवटी शेवटी हॅरी कोल्मरी नावाचे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे एक वकील, स्वतः पहिल्या महायुद्धातले, वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून हॉटेलच्याच कागदांवर हाताने एक मसुदा लिहून काढतात. तोच पुढे जीआय बिल झाला, म्हणजे परत आलेल्या सैनिकांना शिक्षणासारख्या सवलती देणारा कायदा. रूझवेल्टनी २२ जून १९४४ला सही केली, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरून तेव्हा सोळा दिवस झाले होते. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलर्सपर्यंत फी आणि पुस्तकं, वर राहायला महिन्याला ५० डॉलर्स, कुटुंब असेल तर ७५. त्या काळात ५०० डॉलर्समधे चांगल्या चांगल्या कॉलेजची फी निघत होती.

या कायद्याचं नाव काढलं की सगळे कॉलेजचीच गोष्ट सांगतात आणि ती खरीच आहे, २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले, १९४७ मधे तर कॉलेजात येणारा जवळजवळ प्रत्येक दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. पण एकूण शिकले ७८ लाख! म्हणजे बाकीचे ५६ लाख कॉलेजला गेलेच नाहीत, ते गेले ट्रेड स्कूलला, कारखान्यात काम करता करता शिकायला, शेतीच्या प्रशिक्षणाला. आपल्या विषयाचं मूळ या ५६ लाखांत आहे, कारण हातातल्या कामाला कागदाची जोड देणं हा मुद्दा त्यांचा होता. आणि हेही सांगितलं पाहिजे की सगळ्यांना सारखं मिळालं नाही, योजना केंद्राची पण राबवणारी माणसं गावोगावची. मिसिसिपीत १९४६च्या ऑक्टोबरपर्यंत माजी सैनिकांना शेतीबाहेरची जी कामं लावून दिली त्यातली कौशल्याची आणि निमकौशल्याची ८६ टक्के गोऱ्यांना आणि बिनकौशल्याची ९२ टक्के काळ्यांना. सैन्यात ट्रक चालवलेला, इंजिनं दुरुस्त केलेला माणूस घरी येऊन पुन्हा झाडू हातात, हे त्या आकड्यांमागचं चित्र आहे.

पैसा वाहायला लागला की त्याच्या काठावर दुकानंही उभी राहतात. रातोरात शाळा निघाल्या, ज्यांचा धंदा एकच, माजी सैनिकाचं नाव पटावर घ्यायचं आणि सरकारकडून फी उचलायची, शिकवणं झालं तर झालं. १९४८ मधे काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने निव्वळ छंदाच्या कोर्सेसना पैसे द्यायचे बंद केले. मग टेक्सासचे खासदार ओलिन टीग, जे स्वतः युद्धात जखमी झालेले, त्यांच्या समितीने या शाळांची चौकशी केली आणि १९५२च्या कोरिया युद्धाच्या जीआय बिलात दोन मोठे बदल आले. एक, पैसे शाळेला न देता थेट सैनिकाला, महिन्याला ११० डॉलर्स, त्यातूनच त्याने फी भरायची. दुसरा म्हणजे ८५-१५चा नियम, कोर्समधे निदान पंधरा टक्के विद्यार्थी असे हवेत की जे सरकारी पैशावर नाहीत, म्हणजे कुणीतरी स्वतःचे पैसे घालून तो कोर्स करण्यालायक समजतंय याची खात्री. ही भीती लक्षात ठेवा, सत्तर वर्षांनी परीक्षेच्या तयारीच्या कोर्सच्या नियमात ती परत दिसते.

आता मधल्या काळात एक गोष्ट हळूहळू बदलत होती जिच्याकडे जीआय बिलवाल्यांचं फार लक्ष नव्हतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत ज्या कामाला राज्याचं लायसन्स लागतं अशा कामात पाच टक्क्यांहून कमी लोक होते. २०१५ मधे व्हाइट हाउसच्या अहवालाने हिशोब दिला तेव्हा तो आकडा एक चतुर्थांशाच्या वर गेलेला. आणि लायसन्स देणार राज्य, पन्नास राज्यांचे पन्नास नियम, आणि सैनिक तर दर दोनतीन वर्षांनी बदलीवर. म्हणजे १९४६ साली घरी आलेल्या माणसाला काम येत असलं की बरंच भागत होतं, पण त्याच्या नातवाला काम येऊन उपयोग नाही, परीक्षा पास केल्याचा कागद हवा. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि सर्वात कमी बोलली जाते.

व्हिएतनामच्या वेळी हे फार ठळक झालं. नेव्हीचे कोअरमन, म्हणजे जखमींवर जागेवरच उपचार करणारे, गोळीची जखम सांभाळलेले, रक्त थांबवलेलं, सुया लावलेल्या, आणि घरी आल्यावर दवाखान्यात त्यांना वॉर्डबॉयच्या वरचं काम नाही कारण कागद नाही. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मधे अशाच चार माजी कोअरमनना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासणाऱ्यांचा, पहिला वर्ग सुरू केला, त्यातले तिघे १९६७ मधे पास होऊन बाहेर पडले. एक पूर्ण नवीन व्यवसायच त्यातून जन्माला आला. पण प्रत्येक सैनिकासाठी एखादा डॉ. स्टेड नसतो ना.

त्यानंतरची वर्षं पटकन. व्हिएतनामचा १९६६चा कायदा, मग सक्तीची भरती संपल्यावर सैनिकाने स्वतःचे पैसे घालायची व्हीप योजना, जी फारशी चालली नाही, आणि १९८५ पासून माँटगोमरी जीआय बिल, मिसिसिपीचे खासदार सनी माँटगोमरी यांच्या नावाचं, त्यात पहिले बारा महिने पगारातून १०० डॉलर्स कापले जायचे, एकूण १२००.

लायसन्सचा विषय अधिकृतपणे टेबलावर आला तो १९९९ मधे. अँथनी प्रिन्सिपी यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेसच्या आयोगाने सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या एकूण अडचणींचा अहवाल दिला, लायसन्स आणि सर्टिफिकेटची अडचण त्यात होती. नोव्हेंबर २००० मधे कायदा झाला आणि १ मार्च २००१ पासून व्हीए लायसन्सच्या परीक्षेची फी परत द्यायला लागलं, एका परीक्षेला २००० डॉलर्सपर्यंत. यातली मला मनापासून आवडणारी बाब म्हणजे नापास झालात तरी पैसे मिळतात आणि परत बसलात तरी मिळतात. कुणीतरी विचार केला होता की परीक्षा म्हणजे एकदाच मारायची उडी नाही. मात्र पास झाल्यावर लायसन्स हातात घ्यायची जी फी असते ती नाही, ती ज्याची त्याने भरायची, आणि हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

इथे खरी गाठ आहे. १९९९च्या एका कायद्याने कॉलेजच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीचे कोर्स जीआय बिलात घेतले होते, म्हणजे सॅट, जीआरई, एलसॅट वगैरेंच्या क्लासला पैसे. पण लायसन्सच्या परीक्षेच्या तयारीसाठी अशी वेगळी सोय नाही! काही मोठ्या क्लासेसनी राज्याच्या मंजुरी यंत्रणेकडून शिक्षणसंस्था म्हणून मान्यता घेतलेली असायची, तिथे गेलात तर जमून जायचं, नाहीतर फक्त परीक्षेची फी. लॉ स्कूलमधे शिरण्याच्या परीक्षेची तयारी सरकार करून देणार आणि लॉ स्कूलमधून बाहेर पडताना जी बारची परीक्षा असते, जिच्याशिवाय तीन वर्षांची डिग्री घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही, तिची तयारी तुमची तुम्ही बघा. हे चूक होतं आणि फार वर्षं चूक राहिलं.

तयारी का लागते, ज्याला काम येतं त्याला कशाला क्लास, असं विचारणारे भेटतात. समजा सैन्यातली मेडिक आहे. तिने हातापायाच्या जखमा, भाजणं, स्फोटात सापडलेली माणसं सांभाळलीत, पट्टा आवळून रक्त थांबवणं तिला अंधारात येतं. आणि ईएमटीच्या, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्यांच्या, परीक्षेत तिला विचारणार सत्तरीच्या बाईच्या छातीत दुखतंय तर पहिल्यांदा काय, अडलेली बाळंतीण, साखर उतरलेला मधुमेही, श्वास कोंडलेलं तान्हं मूल. फौजेत सगळे पेशंट विशीतिशीतले धडधाकट, बाहेरचे पेशंट वेगळे, आणि प्रश्न विचारायची भाषा त्याहून वेगळी. येतं ते सगळं खरं, पण परीक्षा जे विचारते ते आणि येतं ते यामधली जी फट आहे ती भरायला काही आठवडे कुणीतरी बसवून शिकवावं लागतं, आणि त्या आठवड्यांचे पैसे पडतात.

२००८ मधे सिनेटर जिम वेब, व्हिएतनाममधले माजी मरीन, यांनी पुढे रेटलेलं पोस्ट ९/११ जीआय बिल आलं, १ ऑगस्ट २००९ पासून लागू. फी, घरभाडं, पुस्तकं, सगळ्यात उदार, पण लायसन्सची परीक्षा मात्र एकच! ही सवलत महिन्यांत मोजतात, ती एक परीक्षा या हक्काच्या महिन्यांतून काही न कापता मिळायची, पण एकच. अकाउंटंटच्या परीक्षेचे चार भाग असतात, आयटीवाल्याला एकावर एक सर्टिफिकेटं लागतात, त्यांनी एकात काय करायचं. ऑगस्ट २०११ पासून कितीही परीक्षा चालतील असं झालं पण त्याची किंमत लावली, आता हक्काच्या ३६ महिन्यांतून कापणार आणि तेही पूर्ण महिन्यात. शंभरदीडशे डॉलर्सच्या परीक्षेला अख्खा महिना गेला, ज्या महिन्यात कॉलेजची फी आणि घरभाडं मिळून कितीतरी पट पैसे मिळाले असते. ज्याला हे कळलं त्याने अर्ज केलाच नाही, खिशातून भरले, आणि ते बरोबरच होतं त्याचं. हे दुरुस्त झालं २०१७च्या कायद्याने, ज्याला हॅरी कोल्मरींचंच नाव दिलंय, हॉटेलच्या कागदांवर लिहिणारे तेच. १ ऑगस्ट २०१८ पासून जेवढे डॉलर्स घेतले तेवढ्याच प्रमाणात महिना कापला जातो.

याच काळात दुसऱ्या बाजूनेही काम चाललं होतं. २००२ मधे आर्मीने कूल नावाची वेबसाइट काढली, सैन्यातलं कुठलं काम बाहेरच्या कुठल्या सर्टिफिकेटशी जुळतं ते दाखवणारी. २०११च्या कायद्याने बाहेर पडण्याआधीचं मार्गदर्शन जवळजवळ सगळ्यांना सक्तीचं केलं. २०१२ मधे केंद्राच्या लायसन्स देणाऱ्या खात्यांना सांगितलं गेलं की सैन्यातलं प्रशिक्षण धरा. त्याच सुमाराला जड ट्रक चालवलेल्या सैनिकांना गाडी चालवून दाखवायच्या टेस्टमधून सूट द्यायची मुभा राज्यांना मिळाली. पण बहुतेक लायसन्स राज्याच्या हातात, केंद्राने सांगून किती होणार.

आणि मग या दशकाच्या सुरुवातीला शेवटी तयारीच्या कोर्सचं कलम कायद्यात आलं, परीक्षेच्या फीच्या कलमाला जोडूनच. खर्चाला कमाल मर्यादा आहे, हक्काचे महिने प्रमाणात कापले जातात, परीक्षा अशी हवी की जी ठरलेल्या व्यवसायात शिरायला, टिकायला किंवा वर जायला लागते. आणि एक अट अशी की जी संस्था परीक्षा घेते तिची त्या कोर्सला मान्यता किंवा पाठबळ हवं. ही अट वाचली की मला १९५२ आठवतं. तेव्हाच्या पटावरच्या शाळा, आणि अलीकडे जीआय बिलाच्या पैशावर वाढलेली मोठी नफ्याची कॉलेजं, कोरिंथियन २०१५ मधे, आयटीटी २०१६ मधे बंद पडली तेव्हा सैनिकांचे महिने खर्च झालेले आणि हातात काही नाही. त्यामुळे अट का आली हे समजतं, काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण चांगला शिकवणारा एखादा क्लास, जिथून वर्षानुवर्षं लोक पास होतात, तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या यादीत नसला की सैनिकाला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि ते त्याला कळतं कधी तर कोर्स संपल्यावर, अर्ज नाकारल्याचं पत्र आल्यावर. म्हणून फी भरायच्या आधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला लेखी विचारून घ्यावं, ईमेल जपून ठेवावा.

दुसरं म्हणजे हे सगळं "आधी भरा, मग मागा" असं आहे. १९४४ मधे सरकार शाळेला थेट पैसे देत होतं, घोटाळे झाले म्हणून ते बदललं, पण त्यामुळे ज्याच्याकडे आज कोर्सचे पैसे नाहीत, नुकताच बाहेर पडलाय, घरभाडं द्यायचंय, तो या सवलतीच्या दारापर्यंतच पोचत नाही. कोर्स निवडतानाच व्हीएने हा चालेल की नाही ते सांगावं आणि निदान काही भाग आधी द्यावा, एवढं झालं तर २२-१०२७२ हा फॉर्म ज्याला सर्वात जास्त गरज आहे त्यालाही भरता येईल.