ध्रुवांवर उतरणारी ऊर्जा फक्त कणांची नसते

सौरवादळाची बातमी आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरतो: सूर्याचे कण ध्रुवांवर कोसळतात, सगळी ऊर्जा त्यांचीच, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका. मोबाईलचं सोडा, ध्रुवीय प्रकाश पाडणारे कण जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवरच थांबतात. पण ऊर्जेचा हिशोबही चुकीचा आहे. वादळात बहुधा मोठा वाटा विद्युतचुंबकीय प्रवाहाचा, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वाहत येणाऱ्या ऊर्जेचा असतो. तो दिसत नाही, म्हणून श्रेय प्रकाश पाडणाऱ्या कणांना जातं.

तो मोजायला उपग्रहावरून विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतात, दोन्हींचा गुणाकार करून निर्वाताच्या चुंबकीय पारगम्यतेने (हा एक ठरलेला स्थिरांक) भागतात. विद्युतक्षेत्र ५० मिलिव्होल्ट प्रतिमीटर आणि त्याला काटकोनात चुंबकीय बदल ५०० नॅनोटेस्ला असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे २० मिलिवॉट. कणांसाठी वेगळा डिटेक्टर लागतो.

खरी गोम वजाबाकीत आहे. बदल काढायला पृथ्वीचं मूळ चुंबकीय क्षेत्र वजा करावं लागतं, आणि ते तिथे ४५,००० नॅनोटेस्लाच्या घरात. उपग्रहाची दिशा ०.१ अंशाने चुकली तरी ७८ नॅनोटेस्लापर्यंत खोटा बदल दिसतो. शिवाय उपग्रह या क्षेत्रातून सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो, त्यामुळेच त्याला सुमारे ३४० मिलिव्होल्ट प्रतिमीटर विद्युतक्षेत्र जाणवतं. ते वजा न करता काढलेला आकडा कचऱ्यात टाकावा.