चाचणीसुलभ कोड

ज्या कोडचा एकेक भाग बाकीच्या यंत्रणेपासून सुटा काढून, ठरावीक माहिती देऊन, क्षणात तपासता येतो, त्याला चाचणीसुलभ कोड म्हणतात. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये असो की मिहानमध्ये, युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या एकेका भागाची सुटी चाचणी, लिहायला बसलेल्याची अडचण बहुधा एकच असते: हिशेब आणि बाहेरची दुनिया एकमेकांत गुंतलेली.

कळमना बाजारात संत्री विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, घ्या. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, वर बहाराचे, म्हणजे फळाच्या हंगामाचे, नाव. ऑक्टोबर ते डिसेंबरचा माल आंबिया, फेब्रुवारी ते एप्रिलचा मृग. हे सारे एकाच फंक्शनमध्ये (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) कोंबले, म्हणजे भाव डेटाबेसमधून, तारीख संगणकाच्या घड्याळातून आणि शेवटी थेट छपाई, तर साधी वजाबाकी तपासायलाही डेटाबेस चालू हवा, प्रिंटर जोडलेला हवा. मृगाची पट्टी नीट निघते का हे जूनमध्ये पाहायचे तर घड्याळच मागेपुढे करावे लागते.

तेच फंक्शन वजन, भाव, हमाली-तोलाईचे दर आणि तारीख बाहेरून घेऊ लागले की काम सोपे होते. समजा २० क्विंटल माल, ३,००० रुपये भाव, क्विंटलमागे हमाली १० आणि तोलाई ५ रुपये. उत्तर ५९,७०० आलेच पाहिजे. तारीख १५ मार्च दिली की ‘मृग’. शून्य वजन, चुकून ऋण पडलेला भाव, ३१ डिसेंबर या कडेच्या गोष्टीही मग सहज तपासता येतात, आणि खऱ्या चुका तिथेच दडलेल्या असतात. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेबाबत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवण्याच्या या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. सॉफ्टवेअर विषयाचे लेखक मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखामुळे हे नाव रूढ झाले. डेटाबेसच्या जागी चाचणीपुरता नकली भाग, म्हणजे मॉक किंवा स्टब, बसवता येतो. मात्र एका चाचणीसाठी पाच-सहा मॉक लागत असतील, तर दोष चाचणीत शोधू नये. ते फंक्शनच फार कामे करत आहे. ग्लोबल व्हेरिएबलमुळे, म्हणजे सगळ्या कोडला वाचता-बदलता येणाऱ्या सामायिक मूल्यामुळे, तर चाचण्यांचा क्रम बदलला तरी निकाल बदलू शकतो.

जुन्या कोडमध्ये बहुधा चाचण्या नसतात आणि चाचण्यांवाचून बदल करणे जोखमीचे असते. अशा वेळी जुन्या कोडवर पुस्तक लिहिणारे मायकेल फेदर्स आधी सांधा (इंग्रजीत ‘सीम’) शोधायला सांगतात: त्या ठिकाणचा कोड न बदलता वर्तन बदलता येईल अशी जागा. पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये घड्याळ वाचणारी ओळ वेगळ्या फंक्शनमध्ये काढली की पहिला सांधा मिळतो.