म्युझिक व्हिडिओंतील स्त्रीप्रतिमा

गाण्याच्या प्रसारासाठी स्वतंत्रपणे चित्रित केलेल्या, साधारणतः तीन ते पाच मिनिटांच्या दृश्यफितीत स्त्रियांचे जे चित्रण होते, त्यातून रूढ होणाऱ्या ठरीव प्रतिमा आणि त्यांना गायिकांनी व अभ्यासकांनी दिलेले छेद हा या नोंदीचा विषय आहे. चित्रपटातील गाणे हा याहून जुना व निराळा प्रकार होय. तेथील नायिका कितीही साचेबद्ध असली तरी कथेला बांधलेली असते. म्युझिक व्हिडिओतील स्त्रीला मात्र बहुधा नाव नसते, कामधंदा नसतो आणि गाण्याच्या आधीचे वा नंतरचे आयुष्यही नसते. तीन मिनिटांत पात्र उभे करायचे तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेल्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. ठरीव प्रतिमा या माध्यमात इतक्या सहज रुजल्या याचे एक कारण या आटोपशीरपणातच आहे.

दुसरे कारण आर्थिक आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिला लागणारे व्हिडिओ ध्वनिमुद्रण कंपन्या स्वतःच्या खर्चाने बनवून देत, कारण त्यांच्या दृष्टीने ती तबकडीची जाहिरात होती. गायक पुरुष, गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर ठेवलेला प्रेक्षक तरुण मुलगा, आणि जाहिरातीच्या धंद्यात आधीच घोटून तयार असलेली सुंदर स्त्रीची प्रतिमा, असा हा मेळ होता. १९८६ मध्ये रॉबर्ट पामर याच्या ‘ॲडिक्टेड टू लव्ह’ या गाण्याचा व्हिडिओ टेरेन्स डोनोव्हन या फॅशन छायाचित्रकाराने केला. त्यात गायकामागे एकसारखे काळे कपडे, एकसारखी लाल ओठरंगी आणि एकसारखे निर्विकार चेहरे असलेल्या मॉडेल वाद्ये हाती घेऊन उभ्या आहेत. वाद्य हातात असूनही त्या वादक नाहीत, हे लपवण्याचा प्रयत्नही तेथे केलेला नाही.

या प्रतिमांची जात ओळखायची तर कपड्यांपेक्षा कॅमेऱ्याकडे पाहावे लागते. लॉरा मल्वी या चित्रपट-अभ्यासिकेने १९७५ मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटांविषयी मांडलेली पुरुषी नजरेची संकल्पना येथे वारंवार वापरली जाते: पाहणारा पुरुष, पाहिली जाणारी स्त्री, आणि कॅमेऱ्याने प्रेक्षकाला पुरुषाच्या जागी नेऊन बसवणे. गायकाचा चेहरा पडद्यावर अखंड येतो, स्त्रीचे मात्र पाय, कंबर, ओठ असे तुकडे येतात. गाणाऱ्या पुरुषाचे ओठ शब्दांसाठी हलतात, तिचे नुसतेच विलग होतात. ठरीव भूमिकाही मोजक्याच आहेत. शोभेची सोबतीण, आधी नकार देऊन शेवटी वश होणारी मानिनी, पैशाला भुलणारी धोकेबाज प्रेयसी आणि वाट पाहणारी विरहिणी एवढ्यांत बहुतेक व्हिडिओंचे भागते. यांपैकी मानिनीची भूमिका सर्वांत उपद्रवी म्हणावी लागेल, कारण तिच्यात पाठलाग हेच प्रेम ठरते आणि नकाराला अर्थ उरत नाही.

संशोधकांनी १९८० च्या दशकापासून या व्हिडिओंची मोजदाद चालवली आहे. स्टीव्हन सीडमन यांनी १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आशयविश्लेषणांत, म्हणजे व्हिडिओंत काय काय दिसते याच्या पद्धतशीर मोजणीत, पुरुष पात्रे अधिक धाडसी व आक्रमक, तर स्त्रिया अधिक प्रेमळ, परावलंबी व भित्र्या दाखवल्या जातात, तसेच व्यवसायही लिंगानुसार वाटले जातात, असे आढळले. सट जाली या माध्यम-अभ्यासकांनी एमटीव्हीवरील दृश्येच जोडून, मूळ संगीत काढून ‘ड्रीमवर्ल्ड्स’ हा माहितीपट तयार केला, तेव्हा वाहिनीने त्यांना कायदेशीर कारवाईची धमकी दिली होती. संगीत काढून घेतले की त्या दृश्यांचा एकसुरीपणा उघडा पडतो, हेच त्याचे खरे सामर्थ्य होते. २०११ मध्ये जेनिफर ऑब्री व सिंथिया फ्रिस्बी यांच्या अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली. व्हिडिओ स्वतःचा असला तरी गायिकांचे वस्तूकरण, म्हणजे व्यक्तीऐवजी पाहण्याची वस्तू म्हणून चित्रण, गायकांपेक्षा अधिक होते, म्हणजे मुख्य कलाकार होण्याने प्रश्न सुटत नाही. परिणामांविषयी मात्र सावधपणे बोलणे भाग आहे. असे व्हिडिओ पाहिल्यावर तरुणांच्या मतांत दिसणारा बदल बहुधा प्रयोगशाळेतल्या अल्पकाळापुरता मोजलेला असतो, आणि सर्वेक्षणांत आढळणाऱ्या सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

सगळ्या स्त्रियांची प्रतिमा एकाच मापाने ठरीव होत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांचे चित्रण गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या प्रतिमांशी जोडलेले आहे. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी अशा प्रतिमांना नियंत्रक प्रतिमा म्हटले आणि त्या दडपशाहीला नैसर्गिक रूप देतात असे दाखवले. ‘टिप ड्रिल’ या गाण्याच्या व्हिडिओतील स्त्रियांच्या चित्रणावरून २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी रॅपर नेली याला जाब विचारला. त्यानंतरच्या वर्षी ‘एसेन्स’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मासिकाने या विषयावर मोहीमच उघडली. ही टीका रॅप न आवडणाऱ्या बाहेरच्या लोकांनी केलेली नव्हती. ते संगीत आपले मानणाऱ्या मुलींनी ती केली होती.

प्रतिमा कोणाच्या लेखणीतून आणि कोणाच्या तोंडून येते, हा प्रश्न दृश्याइतकाच महत्त्वाचा आहे. सिंडी लॉपर हिचे ‘गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन’ हे गाणे मुळात रॉबर्ट हॅझर्ड या पुरुषाने पुरुषाच्या बाजूने लिहिले होते. लॉपरने शब्द बदलून ते मुलीचे केले आणि १९८३ च्या व्हिडिओत निरनिराळ्या वर्णांच्या मैत्रिणींसह रस्त्यावर नाचत नेले. तिच्या आईची भूमिका त्यात तिच्या सख्ख्या आईनेच केली आहे. मोकळा रस्ता ही तोवर व्हिडिओत मुलांच्या हुंदडण्याची जागा होती. त्याच वर्षी ॲनी लेनॉक्स ही गायिका पुरुषी सूट आणि बारीक कापलेले केशरी केस अशा वेशात पडद्यावर आली. १९९९ मध्ये शनाया ट्वेन या गायिकेने पामरच्या व्हिडिओचा नमुना तसाच उचलून मागे एकसारख्या पोशाखातले पुरुष उभे केले. विडंबन म्हणून ते चपखल आहे, परंतु पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची केवळ अदलाबदल झाली की व्यवस्था बदलते असे नाही.

दिग्दर्शिका असली म्हणजे चित्र पालटते, हाही समज फार टिकत नाही. रॉबिन थिक या गायकाचा २०१३ चा वादग्रस्त व्हिडिओ ‘ब्लर्ड लाइन्स’ डायान मार्टेल या स्त्रीने दिग्दर्शित केला होता, आणि भारतातील रिमिक्स लाटेचे, म्हणजे जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांच्या लाटेचे, प्रतीक ठरलेल्या ‘कांटा लगा’ या व्हिडिओच्या दोन दिग्दर्शकांपैकी राधिका राव ही एक होती.

भारतात एमटीव्ही १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून आली. १९९४ मध्ये तिच्या जागी चॅनल व्ही सुरू झाली आणि १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे परतली. चित्रपटाबाहेरच्या हिंदी पॉप गाण्याला त्यामुळे पडदा मिळाला. अलिशा चिनॉय हिच्या ‘मेड इन इंडिया’ (१९९५) या व्हिडिओत राणीच्या थाटातली गायिका वर निवडते आणि लाकडी खोक्यातून उघड्या अंगाचा मिलिंद सोमण बाहेर येतो. स्वयंवराच्या चौकटीत का होईना, निवड तिची आहे. २००० मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने काढलेल्या ‘मन के मंजीरे’ या शुभा मुद्गल यांच्या गाण्यात मीता वसिष्ठ यांनी छळणारे घर सोडून ट्रक चालवणारी स्त्री रंगवली. घरगुती हिंसेसारखा विषय त्या काळी गाण्यांच्या वाहिन्यांवर गाजावा हे विशेषच म्हटले पाहिजे.

पुढची लाट उलट दिशेने आली, आणि तिच्यामागे कायद्याची एक तरतूद होती. स्वामित्वहक्क अधिनियमाच्या तेव्हाच्या कलम ५२(१)(ञ) नुसार, मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे झाल्यावर सूचना व मानधन देऊन त्याच गाण्याची नवी आवृत्ती काढता येत असे. जुनी चाल स्वस्तात मिळाली की वेगळेपणाचा सगळा भार दृश्यावर पडतो, आणि दृश्यात सर्वांत स्वस्त उत्तेजना स्त्रीदेहाची मानली गेली. ‘समाधी’ (१९७२) या चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी गायलेले गाणे २००२ मध्ये ‘कांटा लगा’ या नावाने नव्याने आले, तेव्हा त्यातील शेफाली जरीवाला हिच्या कमरेखाली बसणाऱ्या जीन्सवर आणि बेधडक चाळलेल्या प्रौढांच्या मासिकावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट निसटली: मासिक चाळणारी, म्हणजे पाहणारी, येथे स्त्री होती. कॅमेरा मात्र तिच्याकडेच पाहत राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने नव्या आवृत्तीसाठीची मुदत पाच वर्षांची झाली. तोवर लाट ओसरली होती.

मराठीत हा प्रश्न व्हिडिओहून जुना आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांत बोलते ती स्त्री, लिहितो तो पुरुष शाहीर, आणि पुष्कळदा नाचे तो नाच्या पोऱ्या. पुढे स्त्रिया फडावर आल्या, तरी लेखणी बहुतांशी पुरुषाकडेच राहिली. संजू राठोड याच्या २०२४ मध्ये देशभर गाजलेल्या ‘गुलाबी साडी’ या गाण्यात नटलेली नायिका आपला फोटो काढायला सांगते आणि तिचे ते शब्द पुरुष गातो, तेव्हा ही जुनी वाटणी नव्या वेशात समोर येते. गाणे गोड आहे, अश्लीलतेचा त्यात लवलेश नाही. म्हणूनच ते अभ्यासाला उपयोगी आहे, कारण ठरीव प्रतिमेला तोकडे कपडे लागत नाहीत. नऊवारी, नथ आणि गजरा यांनीही ती तितकीच घट्ट बसते. कोळीगीतांच्या व्हिडिओंतील टोपलीवाली कोळीण मासे कधी विकते, भाव कसा करते, हे सहसा दिसत नाही. संगीत बारीतील, म्हणजे बैठकीच्या लावणीतील, कलावंतीण निदान समोरच्या प्रेक्षकाला प्रत्युत्तर देऊ शकते, त्याच्याशी घासाघीस करते, त्याची फिरकीही घेते. तेथील जातीचे व शोषणाचे वास्तव नाकारण्याचे कारण नाही, परंतु व्हिडिओतल्या नर्तिकेला तेवढीही मुभा नसते.

या चौकटीबाहेरची उदाहरणे बहुधा पैशाच्या अभावातून आलेली आहेत. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कडूबाई खरात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी गातात आणि त्यांचे साधे, सजावटीविना टिपलेले व्हिडिओ इंटरनेटवरून घरोघर पोहोचले. त्यांत पाहण्यासारखे म्हणजे गाणारी बाई आणि तिचा आवाज. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माही हिने २०१६ पासून गाजलेल्या ‘डेंजर चमार’मध्ये जातीचे नाव अभिमानाने उच्चारले. बंदुका, गाड्या आणि शोभेच्या मुली यांनी भरलेल्या पंजाबी पॉपच्या शेजारी तो व्हिडिओ ठेवून पाहिला की त्याचे वेगळेपण कळते.

नियमनाचा इतिहास तुटक आहे. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा अधिनियम मुख्यतः जाहिराती व छापील मजकूर समोर ठेवून झाला. त्याची व्याप्ती इलेक्ट्रॉनिक माध्यमांपर्यंत नेणारे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. केबल दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमसंहितेत स्त्रियांची अप्रतिष्ठा करणाऱ्या चित्रणाला मनाई आहे, आणि ऑगस्ट २००६ च्या दुरुस्तीने केबलवर दाखवायच्या म्युझिक व्हिडिओला चित्रपट प्रमाणन मंडळाचे अनिर्बंध प्रदर्शनाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. यूट्यूबला ते लागत नाही, त्यामुळे प्रेक्षक तिकडे गेल्यावर ही तरतूद बरीचशी कोरडी राहिली. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ऑनलाइन व्हिडिओंना वयोगटाची श्रेणी देण्याचा प्रयोग झाला. तो मुलांच्या संरक्षणाचा उपाय आहे; साचेबद्धतेला त्याने धक्का लागत नाही, कारण गुळगुळीत, सोज्वळ साचा कोणत्याही श्रेणीतून सहज पार होतो.

अलीकडे मोबाइलवरील आखूड, उभ्या चौकटीतल्या रील्समुळे म्युझिक व्हिडिओची हद्दच पुसट झाली आहे. गाण्याचा अधिकृत व्हिडिओ एक असतो, आणि त्याच सुरावटीवर स्त्रियांनी स्वतः चित्रित केलेली रील्स असंख्य. त्यांत कॅमेरा, वेश, जागा आणि काय दाखवायचे याचा निर्णय रील करणाऱ्या बाईचा असतो, तर हावभाव पुष्कळदा मूळ व्हिडिओतून जसेच्या तसे घेतलेले असतात. आशयविश्लेषणाच्या जुन्या पद्धतीत गायक, नर्तिका, दिग्दर्शक आणि प्रेक्षक हे चार स्वतंत्र रकाने होते. स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून गुलाबी साडीत नाचणारी गृहिणी यांपैकी तीन रकान्यांत एकाच वेळी बसते.